हवेतला बाप्तिस्मा

आमच्याकडे बाप्तिस्मा व्हायच्या आधी पोराला नाव नसतं. म्हणजे ठरलेलं असतं, घरात सगळ्यांना ठाऊक असतं, पण तोंडातून काढायचं नाही. तोवर मुलगा असला तर त्याला राक्षस म्हणतात. लाडाने. "काय म्हणतो आमचा राक्षस? दूध प्याला का?" असं. मग धर्मआई चर्चमध्ये पाण्याच्या हंड्यापाशी नाव पुकारते आणि राक्षसाचा माणूस होतो. चौसष्ट वर्षं मला या शब्दात काही वावगं दिसलं नाही. आता कोणी माझ्यासमोर तो काढला तर मी थोबाडीत मारीन.

स्मारो माझी भाची. बहीण लवकर गेली, मग ही पोर माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. लग्नाला बारा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. एकोणचाळिसाव्या वर्षी दिवस राहिले. नोव्हेंबरात, सात आठवडे आधीच, पोट फाडून मुलगा काढावा लागला. तो हॉस्पिटलात काचेच्या पेटीत सहा दिवस जगला.

सातव्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईने नळ्या काढल्या आणि म्हणाली, "आता आपल्या हातात काही नाही. आईला जवळ घ्यायचं असेल तर घेऊ द्या." स्मारो चाकाच्या खुर्चीत होती, टाके ओले होते. ती किंचाळली, "मावशी, बाप्तिस्मा! त्याचा बाप्तिस्मा नाही झाला!"

मी तेव्हा काय केलं ते सांगते, लपवत नाही. तीस वर्षं मी आमच्या चर्चची भाकर भाजते, वेदीवर जी मोडतात ती. एक उपास चुकवलेला नाही. मूल मरायला टेकलं असेल, पाद्री नसेल, पाणी आणायला उसंत नसेल, तर कोणाही ख्रिस्ती माणसाने त्याला तीनदा हवेत उचलायचं, नाव घ्यायचं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने म्हणायचं. झाला बाप्तिस्मा. हे मला ठाऊक होतं. आईने चुलीपुढे बसवून, हातात उशी देऊन, तीनदा उचलायला लावून शिकवलं होतं.

आणि मी फोन काढला. रेंज यावी म्हणून बोळाच्या पार टोकाला खिडकीशी पळाले आणि पाद्रीबाबांना फोन लावला. कारण माझ्या डोक्यात बाप्तिस्मा म्हणजे पाद्री, तेल, कोमट पाणी, मेणबत्त्या, पांढरे कपडे. सगळं नीट व्हायला हवं ना! आयुष्यभर नीटपणाच शिकले मी. उशीबिशी काही आठवली नाही.

फोनवर पाद्रीबाबा विचारत होते, "डॉक्टर काय म्हणतात? किती वेळ आहे? मोठा हंडा आणू की लहान?" मी सांगत बसले, लहान आणा.

बोळात लांब्रिनी फरशी पुसत होती. हॉस्पिटलची सफाईवाली. सीमेपलीकडच्या अल्बानियाची, बावीस वर्षांपूर्वी बर्फातून डोंगर उतरून आली आणि इथेच राहिली. आठवडाभर तिचं आमचं बोलणं होतं. स्मारोला कॉफी आणून द्यायची, उशी सारखी करायची. गळ्यात क्रूस, आणि क्रूसाची खूण तर आमच्यापेक्षा सफाईने करायची. तिने स्मारोचं ओरडणं ऐकलं, मला पळताना पाहिलं. तिने पोछा टाकला, हात अंगाला पुसले, आत गेली आणि पोराला उचललं.

"नाव काय?"

स्मारोने तेव्हा पहिल्यांदा ते नाव मोठ्याने घेतलं. "लुकास."

लांब्रिनीने त्याला तीनदा वर उचललं. देवाचा सेवक लुकास याचा बाप्तिस्मा होत आहे, पित्याच्या नावाने. पुत्राच्या. पवित्र आत्म्याच्या. तिसऱ्यांदा वर गेला तेव्हा त्याची बोटं उघडली होती असं स्मारो सांगते. मी परत आले तेव्हा लांब्रिनी त्याला घेऊन उभी होती आणि तो गेलेला होता.

"मावशी," स्मारो म्हणाली, "लुकास झाला."

पाद्री स्तेर्योस पाऊण तासाने पोचले, लहान हंडा काखेत. सगळं ऐकून त्यांनी लांब्रिनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा करायचा नसतो. देवाने तुला वेळेवर पाठवलं, बाई." स्मारोच्या नवऱ्याने, झिसिसने, पांढरी पेटी एका हाताखाली घेऊन दफनाला नेली, एवढीशी होती. पाद्रीबाबांनी नावानिशी प्रार्थना म्हटली. लाकडी क्रूसावर लुकास लिहिलं. आणि पुढच्या रविवारी वेदीमागे मेलेल्यांची नावं वाचताना त्यांनी ते नाव वाचलं.

आमच्यात असं मानतात की ज्याचं नाव तिथे वाचलं जातं तो त्या घटकेला आपल्यात उभा असतो. स्मारो पहिल्या रांगेत यायची, डोळे मिटायची, नाव ऐकायची आणि घरी जायची. जेवण उतरत नव्हतं, झोप नव्हती. रविवारचं ते एक नाव, तेवढ्यावर बाई जिवंत होती.

डिसेंबरात पाद्रीबाबा म्हणाले, "बिशपच्या कचेरीचा कागद राहिलाय. बाप्तिस्म्याच्या वहीत नोंद करायची आहे. जिने बाप्तिस्मा दिला ती आता तुमची धर्मआई. ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याच्या सणाला बोलवा तिला. सही घेऊ, सणही होईल."

स्मारो कितीतरी आठवड्यांनी उठून स्वयंपाकघरात गेली. कांद्याच्या पातीची पोळी लाटली, अक्रोड घालून गोड केलं, धर्मआईला द्यायला तलम चादर काढून ठेवली. "मावशी, धर्मआई म्हणजे घरचीच की आता," ती म्हणाली. "दर ईस्टरला बोलवायची."

सहा जानेवारीला तळ्याच्या काठाला बर्फाची साय धरली होती. लांब्रिनी पहिल्या बसने आली. नवा कोट, डोक्याला रुमाल, हातात मिठाईचा पुडा. चर्चच्या दारात बायकांनी तिला घेरलंच.

"ही का ती? अगं, हात बघू. या हातांनी उचललं ना?"

"हिच्या हातात काय बघता," आमचा चर्चमध्ये गाणारा तिलेमाखोस मधेच बोलला. सत्तरी उलटली तरी तोंड पंचविशीचं. "हिला माझ्या घरी पाठवा. दहा वर्षांत फरशी कोणी पुसलेली नाही."

"तुझं तोंड पुसायला सांग आधी," मी म्हटलं. "काल रात्रीचं अजून वास मारतंय."

लांब्रिनी हसली, पण मान खालीच होती. मला वाटलं, लाजली.

चर्च गच्च भरलं होतं. तिलेमाखोस सुरू झाला. वरचा सूर चुकवला, पण रडवलं. मग पाद्रीबाबा उपदेशाला उभे राहिले. बोलतात छान, ते मान्य करते. माणूस वाईट नाही, हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

"बाप्तिस्मा म्हणजे पाणी नव्हे," ते म्हणाले. "बाप्तिस्मा म्हणजे देवाने तुम्हाला नावाने मारलेली हाक. तुम्ही चांगले आहात म्हणून नाही, काही केलंत म्हणून नाही. आई पोराला उचलते तेव्हा त्याची लायकी बघते का? देवाचं प्रेम तसं आहे. ते कुठूनही येतं. आपल्या लुकासकडे ते आलं तेव्हा पाणीही नव्हतं, पाद्रीही नव्हता. फरशी पुसणारे दोन हात होते. त्या हातांची बाई आज आपल्यात उभी आहे."

सगळं चर्च वळलं. बायका डोळे पुसत होत्या. झिसिस, जो कधी कोणासमोर रडला नाही, तो टोपी तोंडावर धरून उभा होता. आणि लांब्रिनीचा चेहरा असा पांढरा पडला होता की मी तिच्या कोपराला धरलं. म्हटलं, चक्कर येतेय की काय.

मग सगळे तळ्यावर गेलो. सणाच्या रिवाजाने पाद्रीबाबांनी पाण्यात क्रूस फेकला, तो काढायला चारजणांनी उड्या मारल्या, झिसिसच्या चुलतभावाने क्रूस काढला, ओठ निळे पडलेले. लोक ओरडले, त्सिपुरोच्या दारूचे पेले फिरले. स्मारो लांब्रिनीचा हात धरून उभी होती आणि त्या सगळ्यात पहिल्यांदा थोडी हसली. ते हसू मी पाहिलं. पाहायला नको होतं.

तिथून आम्ही चर्चमागच्या खोलीत आलो. पाद्रीबाबा, स्मारो, मी, लांब्रिनी, आणि बोलावलेलं नसताना तिलेमाखोस. पाद्रीबाबांनी जाड वही उघडली, चष्मा लावला, पेन झटकलं.

"मुलाचं नाव लुकास. आईवडील लिहिले. बाप्तिस्मा देणारी, लांब्रिनी. आता सांग बाई, तुझा स्वतःचा बाप्तिस्मा कुठल्या चर्चमधला?"

लांब्रिनीने डोक्याचा रुमाल सारखा केला.

"म्हणजे इथे आल्यावर झाला, की तिकडचाच आहे?"

"लिहा ना काहीतरी," ती हळूच म्हणाली.

"काहीतरी कसं लिहू? बिशपच्या कचेरीत जायचंय हे." पाद्रीबाबा हसले. "आठवत नाही का? लहान असशील."

मी तिच्याकडे पाहिलं. कळलं मला. स्मारोला कळायच्या आत मी बोलून टाकलं, "तिकडच्या कोर्चा गावचं सेंट निकोलस. मला सांगितलं होतं तिने हॉस्पिटलात."

"कोर्चा," पाद्रीबाबा म्हणाले आणि लिहायला लागले.

लांब्रिनीने पुढे होऊन वहीवर हात ठेवला. शाई तिच्या बोटाला लागली.

"नका लिहू. माझा बाप्तिस्मा झालेलाच नाही."

तिलेमाखोसने क्रूसाची खूण केली. ती भराभर बोलत सुटली, जणू थांबली तर पुन्हा जमणार नाही. "माझं नाव लिरिये. आमच्याकडे तेव्हा सरकारने सगळंच बंद केलं होतं, चर्च नाही, मशीद नाही, काहीच नाही. इथे आले तेव्हा एका म्हातारीच्या घरी काम मिळालं. तिने विचारलं, ख्रिस्ती आहेस ना? मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर पुन्हा रस्त्यावर. तिनेच लांब्रिनी नाव ठेवलं, तिनेच हा क्रूस दिला."

"अगं मग नंतर घ्यायचा होतास की!" पाद्रीबाबा म्हणाले. "बावीस वर्षं! कोणी अडवलं होतं?"

"कशी घेणार? झालाय म्हणून सांगून बसले होते. ज्याचा झालाय तो परत कसा मागणार? मग कामावर, शेजारी, हॉस्पिटलात, सगळ्यांना तेच सांगत गेले. त्या दिवशी पोर जात होतं, कोणी उचलेना. मी विचारच नाही केला. मला वाटलं, देव बघत असेल तर पोराकडे बघेल, माझे कागद कशाला बघेल."

"मग आत्ता का बोललीस?" मी म्हटलं. आवाज चढला माझा. "गप्प बसायला काय झालं होतं?"

"उपदेशात बोलले ना ते, माझ्या हातांबद्दल. सगळे रडत होते. ताई, मला तेव्हाच मेल्यासारखं झालं. म्हटलं, पोराच्या नावाखाली माझं खोटं लिहिलं तर त्याचंच नासेल."

पाद्रीबाबांनी पेनाला टोपण लावलं. ते टोपण लावताना पाहिलं आणि मी दुसरं खोटं बोलले.

"मीपण उचललं होतं त्याला. हिच्या आधी. तीनदा. माझं लिहा. माझा बाप्तिस्मा इथलाच आहे, याच वहीत सापडेल."

स्मारोने माझ्याकडे पाहिलं. आशेने पाहिलं, तिला सगळं खरं ठाऊक असून. "हो," ती म्हणाली, "मावशीने उचललं होतं."

पाद्रीबाबांनी चष्मा काढला. "असिमिनाबाई, तो गेला तेव्हा तुम्ही माझ्याशी फोनवर बोलत होता. मागून स्मारोचं रडणं मी स्वतः ऐकलं. तुम्ही मला म्हणालात, लहान हंडा आणा."

"मग तुम्ही का नाही म्हणालात!" मी टेबलावर हात आपटला. "तुम्ही पाद्री ना? फोनवर एक वाक्य बोलायचं होतं. असिमिना, फोन ठेव आणि उचल पोराला. एवढंच! हंड्याची मापं कसली विचारत बसलात?"

त्यांनी चष्मा वहीवर ठेवला. "मला वाटलं, मी पोचेन," ते म्हणाले.

"आणि मला वाटलं, तुम्ही पोचाल. बाप्तिस्मा झालेली दोन माणसं आपण. पोर बाप्तिस्म्यावाचून गेलं आपल्या नीटपणाने."

"बाई, तो देवाच्या हातात आहे. देवाचं प्रेम आपल्या वहीपेक्षा मोठं आहे."

"मग लिहा वहीत!"

"ते मला करता येत नाही. बाप्तिस्मा न झालेल्याच्या हातून बाप्तिस्मा होत नाही. हा नियम मी केलेला नाही. नाव वेदीवर वाचतात ते बाप्तिस्मा झालेल्यांचं. घरी प्रार्थना करा, मीही करीन. थडग्यावरच्या क्रूसावर नाव राहू दे, त्याला कोणी हात लावणार नाही."

म्हणजे लाकडावर काय हवं ते लिहा, देवापुढे नाही.

स्मारो उठली. मला वाटलं पाद्रीबाबांच्या अंगावर जाते. ती लांब्रिनीच्या अंगावर गेली. दोन्ही मुठींनी तिच्या छातीवर मारत सुटली. "खोटं बोलायचं होतंस! बावीस वर्षं बोललीस ना सगळ्यांशी? माझ्या पोरासाठी एकदा बोलता आलं नाही? सटवे, माझं पोर तू राक्षसच ठेवलंस!"

लांब्रिनीने हात वर केले नाहीत. मार खात उभी राहिली. झिसिस आवाज ऐकून आत आला आणि स्मारोला मागून कवळ घालून बाहेर घेऊन गेला. पाद्रीबाबांनी वही मिटली. मग जे सुचलं ते बोलले, आणि ते ऐकून मला हसू फुटलं, घाणेरडं हसू.

"लिरिये, तुझ्यासाठी दार उघडं आहे. ईस्टरला तुझा बाप्तिस्मा करू. खरं बोललीस, देव खूश असेल आज."

"मी आता घेतला," तिने विचारलं, "तर तो मागे लागू होईल का? त्या दिवसाला?"

"नाही. तसं होत नाही."

"मग राहू दे."

तिने गळ्यातला क्रूस काढला, वहीशेजारी ठेवला आणि बस धरायला निघून गेली. चादर आमच्याकडेच राहिली. रविवारपर्यंत गावभर झालं होतं. तिलेमाखोसच्या पोटात काय राहणार? कोणी म्हणालं, अल्बानियनच ती, विश्वास कसा ठेवलात. कोणी म्हणालं, बिचारी. सणाच्या दिवशी रडलेल्या त्याच बायका. त्या रविवारी पाद्रीबाबांनी नावं वाचली, त्यात लुकास नव्हता. स्मारो मधेच उठून गेली. परत आली नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी मृतांचा शनिवार आला. त्या दिवशी घरोघरच्या बायका उकडलेला गहू साखर आणि डाळिंब घालून आणतात, सोबत मेलेल्यांच्या नावांची चिठ्ठी. चिठ्ठीत आडनाव नसतं, नुसती नावं. मी गहू उकडला आणि चिठ्ठीत लुकास लिहिलं. का नाही लिहायचं? झिसिसचा बापही लुकासच होता, त्याचंच नाव पोराला दिलेलं. एकच नाव. वाचलं की वाचलं.

पाद्रीबाबांनी चिठ्ठी हातात घेतली, वाचली, आणि हळूच म्हणाले, "हा थोरला लुकास ना, असिमिनाबाई?"

"नाव आहे ते. वाचा."

"मी थोरल्यासाठी वाचतोय. मनात तोच धरून. नाहीतर मला वाचता येणार नाही."

आणि वाचलं. थोरला लुकास पिऊन बायकोला मारायचा. तिचे पुढचे दोन दात त्याने पाडले, आणि मेला तोही दारू पिऊन, गोठ्यात पडून. त्याचा बाप्तिस्मा पक्का होता, तेल, पाणी, मेणबत्त्या, सगळं नीट. सगळ्या चर्चने त्याच्यासाठी मान वाकवली. मीही वाकवली, सवयीने.

तिथून गव्हाचं भांडं घेऊन मी स्मारोकडे गेले. ती अंगणात कपडे वाळत घालत होती, बोटं लाल झालेली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"चिठ्ठी दिलीस?"

"दिली."

"वाचलं?"

"वाचलं."

ती थांबली. ओला सदरा हातात तसाच. "कोणता लुकास वाचला, मावशी?"

चर्चमध्ये, देवासमोर, पाद्रीसमोर मी दोनदा खोटं बोलले होते. तिथे काही उपयोग नव्हता आणि तरी बोलले होते. इथे एक शब्द पुरला असता. पण ती माझ्याकडे तशीच आशेने बघत होती, जसं त्या खोलीत बघितलं होतं, आणि ती खोटी आशा तिला पुन्हा दाखवण्याची माझ्यात ताकद नव्हती.

"थोरला," मी म्हटलं.

स्मारोने सदरा दोरीवर टाकला, चिमटे लावले. मग माझ्या हातातून भांडं घेतलं आणि आशीर्वादाचा सगळा गहू कोंबड्यांपुढे ओतला. मी तिला थांबवलं नाही. काय सांगून थांबवणार होते? भांडं तिने पालथं करून जमिनीवर ठेवलं, ते मी उचललं आणि घरी आले.